घर निघालं माळावर

बालमित्रांनो, तुम्ही कधी घरासकट सहलीला गेला आहात का? नाही ना? आम्हीही गेलो नव्हतो. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचं घर चक्क चाकांवर चढलं आणि सहा दिवस माळरानावर हिंडून आलं. त्याचीच ही गोष्ट.

मी अकोले तालुक्यातल्या राजूरला राहते आणि जवळच्या एका शाळेत शिकवते. राजूर म्हटलं की तुम्हाला पेढे आठवतील, नाहीतर डांगी जनावरांचं प्रदर्शन. इथून वर गेलं की भंडारदरा, रंधा धबधबा, कळसूबाईचं शिखर. म्हणजे आमचा सगळा मुलूख डोंगराचा आणि पावसाचा. आमच्या मुलांना पाऊस नवा नाही. ऊन मात्र नवं आहे!

आत्याची गाडी

झालं असं, की माझी नणंद अमेरिकेत ॲरिझोना राज्यात राहते. तिथून तिने आमच्या मुलांना फोनवर फोटो पाठवले. एक भलीमोठी गाडी, तिच्यात पलंग, शेगडी, मोरी, अगदी शीतकपाटसुद्धा! तिकडे पुष्कळ कुटुंबं अशी घर-गाडी भाड्याने घेतात आणि वाळवंटातली राष्ट्रीय उद्यानं पाहत फिरतात. कोलोरॅडो नदीने कोरलेली ग्रँड कॅन्यन ही दरी ४४६ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. सग्वारो नावाचं निवडुंग इतकं सावकाश वाढतं, की त्याला पहिली फांदी फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. आणि डेथ व्हॅली नावाच्या खोलगट वाळवंटात १९१३ साली ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती.

फोटो पाहून आमचा धाकटा (इयत्ता चौथी) हट्टाला पेटला. "आपण पण अशा गाडीतून वाळवंटात जायचं!"

थोरली (इयत्ता सातवी) म्हणाली, "वेड्या, आपल्याकडे कुठंय वाळवंट?"

तेव्हा कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या आजी म्हणाल्या, "वाळवंट नसंल, पण माळ हाय की. माझ्या माहेराला चला."

आमच्या सासूबाईंचं माहेर श्रीगोंदा तालुक्यात. लग्न होऊन त्या राजूरला आल्या, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी विचारलं होतं म्हणे, "हा पाऊस बंद कधी होतो?"

एकच जिल्हा, दोन आभाळं

मुलांनो, आता जरा भूगोलाचं पुस्तक उघडा. घाबरू नका, परीक्षा नाही घेत!

पावसाळ्यात अरबी समुद्रावरून ढग येतात. वाटेत सह्याद्री आडवा उभा. ढग वर चढतात, थंड होतात आणि आपलं ओझं तिथेच रिकामं करतात. आमच्या घाटघरला वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणूनच त्याला आपल्या जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. डोंगर ओलांडून पूर्वेला गेलेल्या ढगांकडे मग उरतं काय? कर्जत, श्रीगोंदा, जामखेडकडे वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर. डोंगराच्या आडोशाला असलेल्या अशा कोरड्या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. डोंगराची सावली उन्हात पडते तशी पावसातही पडते, असं समजा.

गंमत म्हणजे आत्याकडची डेथ व्हॅलीसुद्धा डोंगरांच्या पर्जन्यछायेतच आहे. फक्त तिथली सावली फारच दाट, वर्षाला पन्नास-साठ मिलिमीटर पाऊस! आपला माळ तेवढा कोरडा नाही, म्हणून तो वाळवंट नाही. तो गवताळ प्रदेश आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाडीचं घर कसं झालं?

माझ्या मावसभावाची एक जुनी प्रवासी गाडी आहे. लग्नसराईत वऱ्हाड नेते, एरवी अंगणात उभी असते. त्याने मागच्या चार सीटा काढल्या, तिथे फळ्या टाकून वर गाद्या अंथरल्या. फळ्यांच्या खाली गॅसची छोटी शेगडी, डाळ-तांदूळ, भाकरीचं पीठ, तवा, सतरंज्या, कंदील आणि औषधांचा डबा. दाराजवळ वीस-वीस लिटर पाण्याचे तीन कॅन. पुढच्या सीटांवर आम्ही पाच जण आणि चालकाच्या जागेवर मामा. झालं की हो घर!

पहिल्याच दिवशी धडा मिळाला. आम्ही सगळे पावसाच्या मुलखातले. सकाळी निघालो, अकोले, संगमनेर करत आळेफाट्याच्या पुढे गेलो आणि संध्याकाळी निघोजजवळ एका मंदिराच्या पटांगणात मुक्काम केला. स्वयंपाक झाला, भांडी घासली, मुलांनी हातपाय धुतले. मी कॅन हलवून पाहिले तर दोन रिकामे, तिसरा अर्धा! सहा माणसांनी एका दिवसात पन्नास लिटर पाणी संपवलं होतं.

आजींनी तिथल्या तिथे कायदा केला. हात धुवायला एक पेला. भांडी आधी राखेने पुसायची, मग एका पातेल्यात विसळायची. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना. दुसऱ्या दिवशी धाकट्याने एका पेल्यात तोंड, हात आणि पाय तिन्ही धुऊन दाखवले आणि वर सगळ्यांना ओरडून सांगितलं, "अजून उरलंय!"

दगडातले रांजण

निघोज पारनेर तालुक्यात. इथे कुकडी नदीचं पात्र म्हणजे काळ्या दगडाचं एक नवलच आहे. पात्रात शेकडो खड्डे. काही वाटीएवढे, काही माणूस बुडेल एवढे. कडा अगदी गुळगुळीत. यांना रांजणखळगे म्हणतात. आजी म्हणाल्या, "कुणी तरी रवीनं घुसळल्यावानी दिसतंय."

आजींचं निरीक्षण अगदी बरोबर! पुराच्या पाण्याबरोबर गोटे वाहत येतात. एखाद्या खाचेत गोटा अडकतो. पाण्याच्या भोवऱ्यात तो गरगर फिरतो आणि खालचा दगड घासतो. गोटा झिजून जातो, पुढच्या पुरात दुसरा येतो. असं हजारो वर्षं चाललं आणि रांजण तयार झाले. हा दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून आलेल्या लाव्ह्यापासून तो बनला. ग्रँड कॅन्यन जिने कोरली ती नदीच, आणि हेही कोरलं नदीनेच. आपलं कोरीवकाम लहान, पण नक्षी काय सुरेख!

एक सूचना मात्र मोठ्यांनाही: काठ निसरडे असतात. मुलांचा हात सोडू नका आणि पाण्याला ओढ असेल तेव्हा पात्रात उतरू नका.

आजींचं माहेर

शिरूरवरून आम्ही श्रीगोंद्याकडे वळलो. झाडं कमी होत गेली, आभाळ मोठं होत गेलं. दोन्ही बाजूंना सोनेरी गवत. धाकटा म्हणाला, "किती मोकळी जागा! पडीकच आहे सगळी."

आजींना राग आला. त्यांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून एकेक गवत उपटून त्या दाखवू लागल्या. "ही पवन्या. हा मारवेल, जनावरं आधी यालाच तोंड लावत्यात. ही कुसळी, पायात घुसंल, बघ. पडीक म्हणं! याच्यावर माझ्या बापाची शंभर मेंढरं जगली."

मग त्यांनी १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगितली. त्या तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. विहिरी आटल्या, जनावरं विकली. गावची माणसं खडी फोडायच्या कामावर गेली. आजीही गेल्या. खायला सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. "तवापासून शाळा सुटली ती सुटलीच," एवढं बोलून त्या गाडीत जाऊन बसल्या. थोरली त्यांच्या शेजारी जाऊन बसली. बराच वेळ दोघी काही बोलल्या नाहीत.

ती रात्र सिद्धटेकला काढली. अष्टविनायकांपैकी आपल्या जिल्ह्यातला हा एकमेव गणपती, भीमा नदीच्या काठी.

काळविटांच्या घरी

चौथ्या दिवशी अंधारातच उठलो आणि कर्जतजवळच्या रेहेकुरीला पोहोचलो. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० साली झालं. आकार किती? फक्त २.१७ चौरस किलोमीटर! आमच्याकडचं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य तीनशे साठ चौरस किलोमीटरांच्या वर आहे, त्यापुढे हे म्हणजे अंगणच. पण या अंगणातले पाहुणे बघा!

सूर्य वर येत होता. बाभळी आणि हिवरांच्या मधे गवतात आधी फक्त शिंगं दिसली, मळसूत्रासारखी पीळदार. मग काळी-तपकिरी पाठ, पांढरं पोट, डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ. नर काळवीट! त्याच्यामागे बदामी रंगाच्या, बिनशिंगांच्या माद्या. पिल्लू आईच्या पायापाशी. काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत वेगाने धावू शकतं. झाडीत असा वेग काय कामाचा? त्याला मोकळं रानच लागतं. दूरचा लांडगा दिसला पाहिजे आणि पळायला जागा हवी. म्हणजे जी जागा धाकट्याला 'पडीक' वाटली, तीच काळविटाची तटबंदी.

इतक्यात घोटाळा झाला. धाकट्याच्या हातातली खाऊची रिकामी पिशवी वाऱ्याने उडाली. तो तिच्यामागे धावला. एक मादी ताडकन उंच उडाली, मग दुसरी, मग सगळा कळप एकामागून एक उड्या मारत दिसेनासा झाला. वनरक्षकदादा रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "बाळ, तुझ्या घरात कुणी ओरडत शिरलं तर?"

धाकट्याचे डोळे भरून आले. परत फाटकापर्यंत येताना त्याने वाटेतले सहा कागद आणि दोन बाटल्या उचलल्या. त्या कुणा दुसऱ्यांच्याच होत्या.

न दिसलेला पक्षी

तिथून करमाळ्यामार्गे सोलापूरजवळच्या नान्नजला गेलो. १९७९ साली इथे माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. माळढोक म्हणजे जवळजवळ मीटरभर उंच पक्षी. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत भरतं. उडू शकणाऱ्या जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी हा एक. मादी उघड्या माळावर बहुधा एकच अंडं घालते.

आम्ही दोन तास दुर्बिणीतून पाहत होतो. चंडोल दिसले, खाटीक दिसला, गवतावरून तरंगत जाणारा भोवत्या ससाणा दिसला. माळढोक दिसला नाही.

तो दिसणं आता फार अवघड झालं आहे. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांतही इथल्या गणनेत वीसच्या आसपास माळढोक मोजले जात. पुढे ते झपाट्याने घटले. साऱ्या देशात मिळून रानात दीडशेसुद्धा उरलेले नाहीत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. कारणं काय? आधी शिकार झाली. मग माळ नांगरले गेले. काही ठिकाणी 'पडीक' जमीन हिरवी करायची म्हणून गवतावर झाडं लावली गेली. विजेच्या तारा आल्या. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे चटकन वळताही येत नाही, म्हणून तो तारांवर आदळतो. त्यात बहुधा एकच अंडं, आणि तेही कधी कधी कुत्री खातात.

माणसांची बाजूही ऐकली पाहिजे. हे अभयारण्य सुरुवातीला साडेआठ हजार चौरस किलोमीटरांवर पसरलेलं होतं. त्यात शेकडो गावं आली. जमिनीच्या व्यवहारावर बंधनं आली आणि शेतकरी नाराज झाले. पुढे ते क्षेत्र बरंच कमी करण्यात आलं. पक्षी आणि शेतकरी दोघांनाही जगवायचं तर कसं? मोठ्यांना अजून हे गणित सुटलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी तरी सोडवावं म्हणून मी मुद्दाम इथे लिहून ठेवते आहे.

राजस्थानात जैसलमेरजवळ सम इथे २०१९ पासून माळढोकाची अंडी यंत्रात उबवून पिल्लं वाढवण्याचं काम सुरू आहे. आशा आहे, एवढं नक्की.

"कुठल्या कारखान्याला?"

परतताना आम्ही सोलापूरहून अहिल्यानगर आणि राहुरीमार्गे आलो. संध्याकाळी लोणीच्या अलीकडे चहाला थांबलो. रस्त्याकडेला बैलांच्या टायरगाड्यांची रांग उभी होती. गाडीत अंथरुणं, भांडी, पत्रे, बांबू, डालग्यात कोंबड्या. एका गाडीखाली झोळी बांधलेली आणि झोळीत बाळ झोपलेलं. शेजारी आमच्या थोरलीएवढी एक मुलगी चूल पेटवत होती.

धाकट्याने विचारलं, "आई, हेपण घर घेऊन फिरायला निघालेत?"

मी काही बोलायच्या आत त्या मुलीनेच आमच्या गाडीत डोकावून पाहिलं. गाद्या पाहिल्या, शेगडी पाहिली आणि थोरलीला विचारलं, "तुमची गाडी कुठल्या कारखान्याला?"

थोरलीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती गोरीमोरी झाली. "आम्ही... काळवीट बघायला गेलो होतो," ती हळूच म्हणाली.

ते पाथर्डी तालुक्यातलं ऊसतोड कुटुंब होतं. दिवाळीच्या सुमारास अशी हजारो कुटुंबं पाथर्डी, शेवगाव आणि बीड जिल्ह्याच्या कोरडवाहू गावांतून निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला चार-सहा महिने ऊस तोडायचा. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. राहायला पाचटाची कोपी. ती मुलगी सहावीत होती. आई-वडील पहाटे फडात गेले, की बाळाला सांभाळायचं काम तिचं.

मुलांनो, आता बघा पाणी कसं फिरतं. पाऊस पडतो आमच्या घाटघर-रतनवाडीला. तो भंडारदऱ्याच्या धरणात साठतो. ब्रिटिशांच्या काळात, १९२६ साली, हे धरण पूर्ण झालं. ते पाणी प्रवरा नदीतून आणि कालव्यांतून खाली येतं आणि त्यावर ऊस पिकतो. लोणीलाच १९५० साली महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. आणि तो ऊस तोडायला जिथे पाऊसच पडत नाही तिथली माणसं येतात. आमच्याकडे, धरणाच्या वरच्या अंगाला, उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन झऱ्यावर बसतात ते वेगळंच. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण उगीच नाही झाली.

शाळेची बाई म्हणून मला गप्प राहवेना. मी त्या मुलीच्या वडिलांशी बोलले. म्हटलं, स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. ते नसलं तरी मुक्कामाच्या जवळच्या शाळेला तिला वर्षाच्या मधेही दाखल करून घ्यावंच लागतं, कायदाच आहे तसा. शिवाय पुष्कळ गावांत मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात. त्यांनी ऐकून घेतलं. "बघतो बाई," म्हणाले. "पण बाळाला कोण बघंल?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही.

गाडी सुरू झाली तेव्हा आजींनी खिडकीतून त्या मुलीला हाक मारली आणि म्हणाल्या, "पोरी, शाळा सोडू नगंस गं." ती हसली आणि चुलीत फुंकर घालायला वाकली.

घरी आल्यावर मी मुलांना विचारलं, सहलीत सगळ्यांत काय आवडलं? धाकटा म्हणाला, काळविटाची उडी. थोरली काही बोलली नाही. पण शाळा उघडली त्या दिवशी तिने वर्गाचं हजेरीपत्रक वाचताना बाईंना विचारलं, "दिवाळीनंतर न आलेली मुलं कुठे गेली, हे आपण लिहून ठेवतो का?"

तुम्हीही करून पाहा

घर-गाडी नसली तरी चालेल. एसटीही चालते!

१. एक दिवस घरात सगळ्यांनी मिळून किती पाणी वापरलं ते मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच्या निम्म्यात भागतं का, ते पाहा.

२. तुमच्या गावाजवळच्या 'पडीक' जागेवर तासभर शांत बसा. गवताचे किती प्रकार आणि किती पक्षी दिसले, त्यांची वही करा. नावं आजी-आजोबांना विचारा, त्यांना पुस्तकापेक्षा जास्त माहीत असतात.

३. अभयारण्यात जाताना खाऊच्या पिशव्या डब्यात बंद ठेवा. धाकट्याने निरोप दिला आहे.

४. तुमच्या शाळेजवळ ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या किंवा मेंढपाळांच्या गाड्या उतरल्या तर त्यांच्यातल्या मुलांशी बोला आणि तुमच्या गुरुजींना किंवा बाईंना जरूर सांगा. एखादी मुलगी वर्गात यायला कधी कधी एवढंच पुरेसं होतं.